फोटो घेतला, नाव कापलं

मराठवाड्यात फोटो चोरीला जातात ते लपूनछपून नाही. चौकातल्या फ्लेक्सवर, महोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर, पतसंस्थेच्या दिनदर्शिकेवर, सत्कार समारंभाच्या स्मरणिकेत आणि रोज हजारो लोक बघतात त्या ‘आपला जिल्हा’ छापाच्या पेजवर ते उघड झळकतात. खाली फोटोग्राफरचं नाव नसतं. फार तर ‘फोटो सौजन्य : इंटरनेट’ अशी एक ओळ असते. इंटरनेट फोटो काढत नाही. कुणीतरी माणूस पहाटे उठून, पदरचं पेट्रोल जाळून तिथे गेलेला असतो. त्याला न विचारता, पैसे न देता, बहुतेक वेळा त्याचं नाव खोडून ते काम वापरलं तरी आपल्याकडे कुणी त्याला चोरी म्हणत नाही. मी म्हणतो. आणि त्यातही फोटो उचलण्यापेक्षा नाव खोडणं मला जास्त गंभीर वाटतं, कारण त्यात फोटोग्राफरच्या खिशापेक्षा मराठवाड्याचं नुकसान मोठं आहे.

नळदुर्गचंच बघा. किल्ल्यातल्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणीमहालावरून बोरी नदीच्या दोन धारा कोसळतात, लोक त्यांना नर-मादी म्हणतात. पण हे दृश्य हुकमी नाही. बोरी भरून वाहिली तरच ते दिसतं, आणि आपल्याकडचा पाऊस कसा आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या ओळखीचा एक फोटोग्राफर, तालुक्याच्या गावात स्टुडिओ चालवणारा, ऑगस्ट-सप्टेंबरभर आभाळाकडे डोळे लावून बसतो. पाणी सुटल्याची खबर आली की दुकानाला कुलूप लावून मोटारसायकलवर निघतो. पोचेपर्यंत बघ्यांची झुंबड उडालेली असते. तुषारांनी लेन्स भिजते. कडक ऊन असेल तर पाणी नुसतं पांढरंफेक येतं, आभाळ फार दाटलं असेल तर भिंतीचा दगड आणि सावली एकच होऊन जाते. त्याला हवा असतो मधला उजेड, आणि तो थोडाच वेळ टिकतो. त्याने काढलेला असाच एक फोटो एका सार्वजनिक संस्थेच्या रंगीत माहितीपत्रकावर आला. उजव्या कोपऱ्यात खाली त्याचं नाव होतं, म्हणून फोटो खालून कापला होता. त्या कापण्यात बंधाऱ्याचा पायथाही गेला. फोन केल्यावर उत्तर मिळालं, “अहो, तुमच्याच भागाची प्रसिद्धी होतेय. तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे.” पत्रक छापणाऱ्या प्रेसला पैसे मिळाले, डिझाइन करणाऱ्याला मिळाले, कागदवाल्याला मिळाले. मुखपृष्ठावर ज्याचं काम होतं त्याला आनंद मानायला सांगितलं गेलं.

फ्लेक्सच्या दुकानात तासभर बसलं की हे कसं घडतं ते दिसतं. गिऱ्हाईक येतं, वाढदिवसाचा मजकूर मोबाइलवर दाखवतं आणि म्हणतं, “मागे तुळजाभवानीच्या मंदिराचा एक भारी फोटो टाका.” ऑपरेटर गुगलवर शोधतो, त्यातल्या त्यात मोठ्या साइझचा फोटो उतरवून घेतो, फोटोशॉपमध्ये उघडतो. कोपऱ्यात नाव दिसलं तर त्यावर पॅच टूल फिरवतो, किंवा बरोबर त्या जागी शुभेच्छुकांचे गोल फोटो बसवतो. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला पैसे चौरस फुटाने मिळतात, दारात आणखी गिऱ्हाइकं उभी असतात, आणि ‘नाव काढू नको’ असं त्याला आजवर कुणी सांगितलेलंच नसतं. त्या पोराला कोर्टात खेचावं असं माझं म्हणणं नाही. माझा राग आहे तो ज्यांच्याकडे लेटरहेड आहे, छपाईचं बजेट आहे, कायदेशीर सल्लागार आहे आणि तरीही जे हेच करतात, त्यांच्यावर.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही चित्र-शिल्पासारखीच कलाकृती धरली आहे आणि फोटो काढणारी व्यक्ती हीच त्याची कर्ती मानली आहे. शटर दाबलं त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणीची सक्ती नाही. करायचीच असेल तर कलाकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आहे. पूर्वी फोटोवरचा हक्क तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं चालायचा. २०१२ च्या दुरुस्तीने ही वेगळी वागणूक संपवली आणि लेखक-चित्रकारांप्रमाणेच फोटोग्राफरलाही हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क दिला. याच दुरुस्तीने ६५ ब हे कलम आणलं. कामावर असलेली कर्त्याच्या नावाची किंवा हक्काची माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढून टाकली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, अशी त्यात तरतूद आहे. वॉटरमार्कवर, म्हणजे फोटोवरच्या नावावर, पॅच टूल फिरवणं म्हणजे काय, याचं उत्तर या कलमात आहे, पण ते कलम माहीत असलेला माणूस मला फ्लेक्सच्या दुकानात सोडाच, वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयातही क्वचितच भेटला.

कलम ५७ तर याहून मोलाचं आहे. हक्क विकून टाकले तरी हे काम आपलं आहे असं म्हणण्याचा, आणि त्याची मोडतोड करून आपली अप्रतिष्ठा झाली तर दाद मागण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भलंमोठं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं आणि त्यात त्याची दुर्दशा झाली. सरकारने ते रीतसर करवून घेतलेलं होतं, पैसे दिलेले होते. तरीही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प सहगलांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पैसे मोजून विकत घेतलेल्या कामाबाबत सरकारला हे उत्तर मिळालं. न विचारता उचललेल्या आणि नाव कापलेल्या फोटोबाबत मग काय बोलायचं?

सगळ्यात जास्त ऐकू येणारा बचाव म्हणजे, “नेटवर टाकलाच कशाला मग? टाकला म्हणजे सगळ्यांचा झाला.” बांधाला कुंपण नाही म्हणून कुणाचं शेत गायरान होत नाही, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागू नये. फेसबुक-इन्स्टाग्रामवर फोटो टाकताना आपण त्या कंपनीला तो दाखवायची, पसरवायची परवानगी देतो, हे खरं. ती परवानगी त्या कंपनीपुरती असते. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ती आपोआप मिळत नाही. याचा मोठा निवाडा एका भूकंपातूनच आला. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भूकंप झाला तेव्हा तिथलाच फोटोग्राफर दानिएल मोरेल याने ढिगाऱ्यांतले फोटो काढून ट्विटरवरून लोकांपुढे ठेवले. दुसऱ्याने ते स्वतःच्या नावावर टाकले, एएफपी या जागतिक वृत्तसंस्थेने ते उचलले आणि गेटी या फोटो एजन्सीमार्फत ते जगभर गेले. ‘ट्विटरच्या अटींमुळे आम्हाला ते वापरता येत होते’ असं म्हणणं मांडलं गेलं. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ते फेटाळलं आणि २०१३ मध्ये ज्युरीने मोरेलला १२ लाख डॉलरच्या वर भरपाई दिली. गरीब देशातला, स्वतःच्याच उद्ध्वस्त शहरात फिरणारा एकटा फोटोग्राफर विरुद्ध दोन बलाढ्य संस्था, असा तो सामना होता.

दुसरा बचाव आपल्या भागात विशेष चालतो. वेरूळ, अजिंठा, देवगिरी, बीबी का मकबरा हा सगळ्यांचा ठेवा. त्याच्या फोटोवर एकट्याची मालकी कशी? पण कैलास लेण्यावर कुणी फोटोग्राफर हक्क सांगतच नाही. हक्क सांगतो तो स्वतःच्या फोटोवर. दरवर्षी मार्चमध्ये काही दिवस दुपारनंतरची तिरपी किरणं वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात शिरून बुद्धमूर्तीवर पडतात. लेणी सगळ्यांची आहेत, ऊन सगळ्यांचं आहे. ज्याला तो फोटो हवा असेल त्याने त्या दिवसांत तिथे जावं, गर्दीत जागा धरावी, अंधार आणि झोत या दोन्हींचा मेळ बसवून फोटो काढावा, तो त्याचा. आयता हवा असेल तर ज्याने हे केलं त्याला विचारावं. इथे एक कबुली द्यायला हवी. अजिंठ्याच्या एखाद्या चित्राची नुसती सपाट, जशीच्या तशी नक्कल करणारा फोटो असेल तर त्यावर मोठा दावा टिकणं अवघड आहे. नुसते श्रम पुरेसे नाहीत, त्यात कर्त्याची थोडी तरी स्वतःची निवड आणि कल्पकता हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात म्हटलं आहे, आणि मला ते पटतं. पण आपल्याकडे चोरीला जाणारे बहुतेक फोटो या नकलांच्या जातीतले नाहीत.

अजिंठ्याचीच एक जुनी गोष्ट इथे आठवते. रॉबर्ट गिल नावाचा मद्रास लष्करातला अधिकारी १८४० च्या दशकात तिथे येऊन राहिला आणि वर्षानुवर्षं भित्तिचित्रांच्या प्रती रंगवत बसला. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण गिलने कॅमेराही हाताळला होता, त्याचे फोटो १८६४ मध्ये ग्रंथात छापले गेले होते, म्हणून ते राहिले. पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी वेरूळ-औरंगाबाद परिसर टिपला. या दोघांच्या फोटोंवर आज कुणाचाही हक्क उरलेला नाही. कुणीही ते छापावेत. तरी अभ्यासकाला ते फोटो उपयोगी पडतात, कारण कुणी काढले, साधारण कधी काढले हे त्यांच्याबरोबर टिकून आहे. तेव्हाचा खांब कसा होता, कुठली मूर्ती अजून शाबूत होती, हे त्यावरून ताडता येतं. नाव आणि काळ निघून गेला असता तर ती नुसती जुनी चित्रं उरली असती.

आज आपण नेमकं तेच करतो आहोत, आणि तेही आपल्याच काळाच्या बाबतीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दरवर्षी त्या तारखेला मोबाइलवर फोटो फिरतात. दगडामातीचे ढिगारे, रांगेने ठेवलेली प्रेतं, कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा. सगळ्यांखाली ‘किल्लारी’. त्यातला सास्तूरचा कुठला, मंगरूळचा कुठला, पेठसांगवीचा कुठला? लातूर, उमरगा, सोलापूरकडून ज्यांनी त्या सकाळी रोल भरून धाव घेतली, त्यांनाच हे सांगता आलं असतं. त्यांचं नाव फोटोबरोबर राहिलं असतं तर विचारता आलं असतं. ती पिढी आता म्हातारी होत चालली आहे, निगेटिव्ह ट्रंकांत आणि माळ्यांवर आहेत, आणि स्कॅन होऊन फिरणाऱ्या फोटोंवर त्यांच्या नावाचा मागमूस नाही.

दुष्काळाचंही तसंच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांतले घागरींच्या रांगांचे, कोरड्या विहिरीत उतरलेल्या पोरांचे फोटो पुढे कुठल्याही वर्षीच्या टंचाईच्या बातमीला लागत राहतात. पावसाळ्यात कुठलातरी जुना पूर ‘आत्ताचा’ म्हणून फिरतो, आणि गावात घबराट उडते. फोटोखाली नाव, ठिकाण आणि तारीख असती तर हे एका फोनने थांबलं असतं. नाव म्हणजे फोटोग्राफरची हौस नव्हे. हा फोटो खरा आहे, मी तिथे होतो, अशी साक्ष देणारा माणूस त्या नावामागे उभा असतो. नाव कापलं की साक्षीदार जातो आणि मग सरकारी अधिकारीही बिनदिक्कत म्हणू शकतो, हा फोटो आमच्या तालुक्यातला नाहीच.

आणखी एक नुकसान आहे, त्याबद्दल तर कुणीच बोलत नाही. फोटोत माणसं असतात. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको दारात बसली आहे, मागे भिंतीवर हार घातलेला फोटो आहे, मांडीवर पोर आहे. अशा घरी गेलेला भला फोटोग्राफर आधी बसतो, चहा नाकारत नाही, कशासाठी आलोय ते सांगतो. ती बाई हो म्हणते, कारण आपली गत कुणाला तरी कळावी असं तिला वाटतं. तिची ती परवानगी एका बातमीपुरती, एका माणसावरच्या विश्वासापोटी असते. काही महिन्यांनी तोच फोटो विम्याच्या जाहिरातीत, निवडणुकीच्या पत्रकात, कुठल्यातरी रडक्या गाण्याच्या व्हिडिओवर दिसतो. तिला कुणी विचारलेलं नसतं. तिच्या पोराच्या शाळेत तो व्हिडिओ पोचतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. अशा विषयात कोयता घेऊन उसात उभ्या असलेल्या कुठल्याही बाईचा फोटो बातमीला जोडला की काय होतं? तिच्यावर ती शस्त्रक्रिया झालीय असं गावच धरून चालतं, झालेली असो वा नसो.

त्या बाईला स्वतःच्या बाजूने भांडायला आपल्या व्यवस्थेत फार साधनं नाहीत. पण फोटोग्राफरकडे एक आहे : कॉपीराइट. तो म्हणू शकतो, हा फोटो माझा आहे, मी तुम्हाला परवानगी दिलेली नाही, उतरवा. त्याने तिला दिलेला शब्द पाळण्याचा तोच एक मार्ग त्याच्या हातात आहे. म्हणून ‘फोटोवर हक्क कसला सांगता, समाजासाठी काढला ना?’ हा प्रश्न मला पटत नाही. समाजासाठी काढला म्हणूनच तो कुठे, कशासाठी वापरला जातो यावर कुणाचं तरी लक्ष हवं.

याच तर्काने फोटोग्राफर मंडळींनाही काही विचारावं लागेल, आणि ते मी टाळणार नाही. पैसे घेऊन, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे गिऱ्हाईक असतं. लग्नाचे फोटो नवरा-नवरीच्या घरचे आहेत. तरीही स्टुडिओच्या बोर्डावर, पेजवर नवरीचा फोटो न विचारता लागतो, आणि घरच्यांनी काढायला सांगितलं तर तोंड वाकडं होतं. लग्नाच्या व्हिडिओत सिनेमाची गाणी सर्रास घातली जातात, अल्बमच्या तयार डिझाइन फायली एकमेकांत फुकट फिरतात, सॉफ्टवेअर चोरीचं असतं. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिनाचा कार्यक्रम तालुक्या-तालुक्यात होतो, कॅमेऱ्याची पूजा होते, सत्कार होतात. त्या व्यासपीठावर एकदा तरी या गोष्टी बोलल्या जाव्यात. दुसऱ्याच्या कामाला किंमत देणाऱ्याचं म्हणणं जास्त गंभीरपणे ऐकलं जातं, आणि ज्या भागात धंदा इतका एकमेकांच्या ओळखीवर चालतो तिथे तर नक्कीच.

जिल्ह्याच्या वार्ताहरांबरोबर फिरणाऱ्या फोटोग्राफरांची अडचण निराळी. कायद्यात वर्तमानपत्राच्या पगारी नोकराने नोकरीत काढलेला फोटो वर्तमानपत्रात छापण्यापुरता मालकाचा असतो. पण आपल्याकडे किती जण पगारी आहेत? बहुतेकांना फोटोमागे मानधन, तेही थकलेलं, आणि करार कसलाच नाही. स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क त्यांचाच असतो, हे ना त्यांना माहीत, ना कचेरीत कुणी सांगत. फोटो एका दैनिकात येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच समूहाच्या वेबसाइटवर, यूट्यूबवर, पुरवणीत वापरला जातो. प्रत्येक ठिकाणी नाव गळत जातं आणि शेवटी ‘प्रतिनिधी’ एवढंच उरतं.

सगळ्यात जास्त खटकते ती छायाचित्र स्पर्धांची अट. ‘आपला तालुका, आपला वारसा’ अशा थाटाच्या स्पर्धा निघतात. तिघांना बक्षीस, बाकीच्यांना प्रमाणपत्र, आणि खाली बारीक अक्षरांत : ‘आलेल्या सर्व छायाचित्रांचे हक्क आयोजकांकडे राहतील.’ सर्व! शेकडो लोकांचं काम तिघांच्या बक्षिसात. कायमचं. नाथसागरावर थंडीत कुडकुडत रोहित पक्ष्यांची वाट बघणाऱ्या कॉलेजच्या मुलीला वाटतं, भाग घेतला हेच मोठं. हक्क दुसऱ्याला देण्यासाठी कलम १९ प्रमाणे सही केलेला लेखी करार लागतो. कुठलं काम, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला काय, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते. पत्रकाच्या तळाला छापलेल्या एका ओळीने हे सगळं साधत नाही. विजेत्यांचे फोटो स्पर्धेच्या प्रदर्शनासाठी आणि प्रसिद्धीसाठी नावासह वापरू, एवढीच अट ठेवली तर आयोजकांचं काही बिघडत नाही.

मग शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, गावाकडच्या छोट्या चॅनलवाल्याने करायचं काय? त्यांना कायद्याने पुष्कळ जागा ठेवली आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेला वापर, स्वतःच्या अभ्यासासाठीचा वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन, हे सगळं कलम ५२ मध्ये मोकळं आहे. वर्गाच्या बाहेर जाताना मात्र सावध राहावं. जर्मनीतल्या एका शाळेत विद्यार्थिनीने स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचा फोटो नेटवरून घेऊन प्रकल्पात लावला, शाळेने तो प्रकल्प आपल्या वेबसाइटवर टाकला, आणि २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की नव्या वेबसाइटवर टाकायला फोटोग्राफरची परवानगी लागते. विकिमीडिया कॉमन्स या मोकळ्या फोटोंच्या ऑनलाइन भांडारात मराठवाड्यातल्या कितीतरी वास्तूंचे फोटो लोकांनी मोकळ्या परवान्यावर ठेवले आहेत. त्यांतल्या बहुतेकांना पैसे नकोत, फक्त नाव आणि परवान्याचा उल्लेख हवा. तो देखील दिला जात नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

उलट बाजूने, एखाद्या झेडपीच्या शाळेतल्या गुरुजींना चुकून वापरलेल्या फोटोसाठी लाखांची नोटीस पाठवणं, पोलिसांची भीती घालून पैसे उकळणं, याचाही मी तितकाच विरोधक आहे. कॉपीराइटच्या उल्लंघनाला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. हे हत्यार फार धारदार आहे. ते धंदा करणाऱ्या, समज दिल्यावरही न ऐकणाऱ्यांसाठी राखून ठेवावं. चूक झाली तर फोटो उतरवावा, नाव छापावं, रास्त मानधन द्यावं; एवढ्यावर बहुतेक भांडणं मिटतील, कारण बहुतेक फोटोग्राफरना तेवढंच हवं असतं.

ज्यांना लढायचंय त्यांना एक गोष्ट माहीत हवी. कॉपीराइटचा दावा फिर्यादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. हिंगोलीच्या फोटोग्राफरला मुंबईच्या कंपनीविरुद्ध मुंबईला खेटे घालायची गरज नाही. वेबसाइट किंवा सोशल मीडियाच्या कंपनीला रीतसर लेखी तक्रार केली की नियमांप्रमाणे ३६ तासांत तो फोटो दिसणं थांबवावं लागतं; मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दाखवता आला नाही तर ती कंपनी तो पुन्हा सुरू करू शकते. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी, तीतच नाव-पत्ता-तारीख भरून ठेवावी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला की फोटोचा आकारही घटतो आणि आत भरलेली माहितीही गळून पडते.

पण पहिलं पाऊल फोटोग्राफरने नव्हे, जिल्हाधिकारी कार्यालयांनी, नगरपालिकांनी, विद्यापीठांनी आणि दैनिकांच्या आवृत्त्यांनी उचलायला हवं. छपाईचं टेंडर काढताना त्यात फोटोंसाठी वेगळी रक्कम धरावी. डिझाइनरने दिलेल्या प्रत्येक फोटोसोबत कुणाचा, कुठला, कधीचा, परवानगी आहे का, अशी चार रकान्यांची यादी मागावी, आणि ती दिल्याशिवाय बिल काढू नये. याला कायदा बदलावा लागत नाही, मंत्रालयात जावं लागत नाही. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनासाठी दरवर्षी पुस्तिका निघतात, प्रदर्शनं भरतात. त्यांची तयारी उन्हाळा सरता सरता सुरू होते, आणि फोटोंचा विषय छपाईला दोन दिवस उरले असताना निघतो, म्हणूनच मग गुगल उघडलं जातं. या वर्षी त्या समितीच्या पहिल्याच बैठकीत फोटो कुणाकडून घ्यायचे आणि त्यांना किती द्यायचे, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.